हापूसच्या कोयीला हापूस लागतो का?

हापूसची कोय कुंडीत लावली तर हापूसच मिळेल का, असं वर विचारलंय. मिळणार नाही, असंच धरून चाला. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तोही परागीभवनातून झालेला. बाप कोण, ते मोहोरावर बसणाऱ्या माश्यांनाच ठाऊक! दक्षिणेतल्या ओलूरसारख्या काही जातींच्या एकाच कोयीतून तीन-चार रोपं निघतात, ती मात्र बहुतेक आईवर जातात.

तरी लावायचीच असेल तर कोय वाळू देऊ नका. आम्ही एकदा हौसेनं महिनाभर गच्चीवर वाळवली आणि मग पावसाळाभर रिकाम्या कुंडीला पाणी घातलं. आंब्याचं बी सुकलं की मेलं. खाऊन झाल्यावर कोय घासून धुवायची, एखादा दिवस सावलीत ठेवायची, कडेनं जपून उघडून आतलं बी काढायचं आणि फुगीर बाजू वर ठेवून इंचभर खोल पेरायचं. बी पोखरलेलं दिसलं तर आत भुंगा होता, ते टाकून द्या. दोन-तीन आठवड्यांत कोंब येतो.

आणि खरा हापूसच हवा असेल तर पानं तांबूस, कोवळी असतानाच त्या रोपावर हापूसची काडी बांधा. हेच कोय कलम. कोकणात जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ते छान जगतं. कलम नाही केलंत तर फळासाठी सात-आठ वर्षं तरी धरा, तीही जमिनीत. कुंडीत नुसती पानंच मोजाल.