अनुभव धागा: उन्हाळी भाजीचे वाफे आणि आपली काळी माती (इंदूर)

संक्रांत झाली. रात्री अजून शाल लागते, पण दुपारचं ऊन चटका द्यायला लागलंय. आपल्या इंदुरात उन्हाळी भाजीची जागा तयार करायचे हेच दिवस. बी कुठलं घ्यावं यावर सगळे भरभरून बोलतात, मातीचं मात्र कुणी नाव काढत नाही. माळव्याच्या काळ्या मातीत खरी मेहनत पेरणीच्या आधीच असते, हे माझं पक्कं मत. तुम्ही स्वतः काय केलंत, काय फसलं, ते लिहा. ऐकीव नको.

सुरुवात मीच करते. राजेंद्र नगरात घरामागे दहा बाय बारा फूट जागा आहे. पहिल्या वर्षी मावठा (हिवाळ्यातला अवकाळी पाऊस) पडून गेला आणि दुसऱ्याच दिवशी मी कुदळ घेऊन उतरले. माती कुदळीला, चपलेला, हाताला चिकटत होती, तरी खणत राहिले. आठवड्याभरात त्या चिखलाची ढेकळं वाळून विटेसारखी टणक झाली ती अख्खा मोसम फुटली नाहीत. भेंडी गुडघ्याएवढीच राहिली. उपटून पाहिली तर मुळं ढेकळाला वळसा घालून आडवी गेलेली. शेजारच्या आजी तेव्हा म्हणाल्या, "अगं, वाफसा येऊ द्यायचा होतास." म्हणजे माती चिखलही नाही आणि कोरडी ठणठणीतही नाही, खणण्याजोगी ओलसर.

आता मूठभर माती घेऊन लाडू वळते आणि कमरेच्या उंचीवरून सोडते. फुटून भुगा झाला तर वाफसा आला. चपटा होऊन बसला तर आणखी दोन दिवस थांबते. मग वीतभर खोल खणून चार घमेली कुजलेलं शेणखत आणि दोन ओंजळी निंबोळी पेंड मिसळते. उन्हाळ्याला वाफा सपाट आणि कडेने बांध, म्हणजे पाणी आत राहतं. गादीवाफा, म्हणजे उंच केलेला वाफा, पावसाळ्यासाठी.

लोकमान्य नगरहून

ताई, खताचं मी सांगतो. ज्या कंपोस्टला जगभर 'इंदूर पद्धत' म्हणतात ती आपल्याच गावची. 1924 ते 1931 या काळात आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ इथल्या वनस्पती संशोधन संस्थेत होते. आजचं कृषी महाविद्यालय आहे ना, तिथेच. शेतकऱ्यांचा पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून त्यांनी ही रीत बसवली. निवृत्त झाल्यापासून मी अंगणात तीच करतो, छोट्या मापाने.

वाळका पाला वीतभर, वर शेणाचा काला, त्यावर मूठमूठ जुनी माती आणि राख, पुन्हा पाला. ढीग कमरेएवढा झाला की थांबायचं. पंधरा दिवसांनी पहिली पलटी, महिन्याने दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी. पहिल्या पलटीला आत हात घातला तर चटका बसतो, वाफ तोंडावर येते. हाताला गरम लागलं नाही आणि ढीग कोरडा वाटला तर पाणी शिंपडा. तीन महिन्यांनी पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास आला की खत झालं.

हिशोब लक्षात घ्या: माघात खत हवं तर ढीग दिवाळीला रचायला हवा. आत्ता सुरू केलंत तर ते पावसाळी भाजीलाच वापरता येईल. तरी करा, कारण पानगळ आत्ताच होणार. लोक पाला पेटवून देतात ते पाहवत नाही. गल्लीतला कडुनिंबाचा सगळा पाला मी पोत्यांत भरून ठेवतो.

सुदामा नगरहून

काकांचं वाचून माझी चूक लिहिते. गोठ्यावरून ताजं शेण आणलं आणि थेट वाफ्यात घातलं. काकडीची रोपं आठ दिवसांत माना टाकायला लागली. उकरलं तर मुळाशी पांढऱ्या, कोयरीसारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या. हुमणी! एका वाफ्यात एकवीस मोजल्या. तेव्हापासून न कुजलेलं शेण वाफ्यात नाहीच.

तिलक नगरहून

आमची गच्ची, जमीन नाहीच. वीस लिटरची पिशवी ओल्या मातीने भरली की पंचवीस किलोच्या वर जाते. अशा तीस पिशव्या पहिल्या वर्षी मधोमध मांडल्या आणि खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल आली. त्यांची माफी मागितली, जलरोधक थर नव्याने घातला. आता पिशव्या कडेच्या भिंतीलगत, विटांवर, खालून पाणी वाहून जाईल अशा. मातीत निम्मं कंपोस्ट आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कारण नुसती काळी माती पिशवीत दगड होते.

दुसरं दुःख फळ न धरण्याचं. दुधीला फुलं येत, बोटाएवढी दुधी पिवळी पडून गळत. मग कळलं, दुधी आणि दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं आणि चौथ्या मजल्यावर त्या वेळी कीटक फिरकत नाहीत. आता दिवेलागणीला मी वर जाते. नराचं फूल तोडून पाकळ्या मागे दुमडते आणि ज्या फुलाच्या मागे इवलीशी दुधी दिसते त्याच्या मध्यभागी हलकेच फिरवते. पिवळे कण चिकटलेले दिसले पाहिजेत. चार दिवसांत फळ वाढायला लागलं की जीव भांड्यात पडतो. गिलकी (घोसाळी) मात्र सकाळी उमलते, तिला मधमाश्या पुरतात.

रामबागहून

मी नवीन आहे. कारल्याचं बी पेरून पंधरा दिवस झाले, काहीच नाही. बी खराब असेल का?

राजेंद्र नगर, पुन्हा

दादा, बी बहुतेक चांगलंच असेल, माती गार आहे. कारलं, दुधी, भेंडी या सगळ्यांना ऊब लागते. एक दाणा उकरून बघा. टणक असेल तर बहुतेक जिवंत आहे, मऊ होऊन वास येत असेल तर गेला. नवीन बी चोवीस तास कोमट पाण्यात भिजवा, ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घाला आणि डबा फ्रिजच्या मागच्या बाजूला, जिथे ऊब असते तिथे ठेवा. मोड दिसला की पेरा, टोक खाली. भेंडीला रात्रभर भिजवणं पुरतं.

रोप दोन पानांचं झालं की लाल भुंगे येतील, पानांची चाळण करतील. सकाळी दव असताना चुलीची राख चाळून पानांवर भुरभुरवा, दवामुळे ती चिकटते. आमच्याकडे चूल नाही, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या भैयाकडून डबाभर मागून आणते. तुम्हाला हवी असेल तर रविवारी येऊन घेऊन जा.