पेठेनं जेवू घातलं, पण पुढं काय?

मनाचा आजार होऊन रस्त्यावर आलेल्या माणसाबद्दल म्हणतात, "कोल्हापुरात असा माणूस उपाशी राहत नाही, अख्खी पेठ त्याला सांभाळते", ते खरं आहे. पण त्या सांभाळण्यातच गोची आहे. उद्यमनगरात आमच्या लेथच्या दुकानासमोर एकजण असायचा. इंचाला 11 आटे पाडायचे तर कुठले गिअर लावायचे, हे चार्ट न बघता सांगायचा. बोलता बोलता मधेच थांबून कानात कुणी बोलतंय तसं ऐकत राहायचा. चहा-वडा रोजचा, दिवाळीला शर्ट, तालमीच्या कट्ट्यावर झोपायला जागा. "लई डोकं हाय गड्याला" म्हणून सगळे कौतुक करायचे आणि दवाखान्याचं नाव कुणीच काढायचं नाही. वर्षं गेली तशीच.

आता कायद्याचं सांगतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017, कलम 100. असा माणूस भटकताना दिसला तर त्याला संरक्षणात घेणं पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं काम आहे. 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही. बेघर असेल तर बेपत्ता व्यक्ती म्हणून एफआयआर नोंदवून घरच्यांचा शोधही पोलिसांनीच घ्यायचा. आम्हाला आधी "त्रास देत नाही ना? मग ऱ्हाऊ दे की" असंच ऐकवलं. कलम छापून नेल्यावर नोंद झाली, भाऊ चिकोडीकडं सापडला. आता गोळ्या चालू आहेत. त्याला लेथवर यायचंय, पण गोळ्यांची गुंगी असेपर्यंत मालक मशीनला हात लावू देत नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे.