दोन पट्ट्या उतरल्या म्हणजे संपले?

काळी दोन:
काल इथं एकानं लिहिलं, "गिटार-तुणतुण्यावर गाणारी आपली जोडी पंचवीस वर्षांनी थकली. जुनी गाणी दोन पट्ट्या खाली, तुणतुणं दुसऱ्या गाण्यातच बेसूर. आता थांबा." डोकं फिरलं वाचून. पट्टी उतरवणं फसवणूक कधीपासून झाली? हार्मोनियमच्या पांढरी चारची गाणी दोन पट्ट्या खाली, काळी दोनमध्ये आली. गिटारवर बोटांची ठेवण डी कॉर्डचीच, कॅपो (तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) तिसऱ्या फ्रेटवरनं पहिल्यावर आला. वय झालं की गळ्याचे वरचे सूर जातातच. ओरडून गाण्यापेक्षा हे शंभरपट बरं.

खासबाग कट्टा:
ते मीच लिहिलंय, नाव घेऊन बोल की. कॅपो सरकवला, मान्य. ढोलकीचं काय? शाईची बाजू, म्हणजे बारीक सुराचं तोंड, पांढरी चारला खणखणीत लागते. बोल्ट सैल करून काळी दोनला आणली की थड वाजते. आणि दुसरा आवाज कुठं गेला? वरचे सूर गाणाऱ्याचा गळा वाचला, खालच्याचा आवाज मंद्रात, पार खालच्या सप्तकात बुडाला. अमेरिकेतली इंडिगो गर्ल्स ही दोघींची जोडी १९८५ पासून त्याच नावानं गातेय. एमिली सेलियर्स वर, एमी रे खाली, दोन्ही आवाज वेगळे ऐकू येतात. जोडी म्हणतात ती त्याला.

रस्सावाटी:
कुठं अमेरिका, कुठं आपलं तुणतुणं! खरा गुन्हेगार साऊंडवाला. गिटारच्या तारा टेकतात त्या घोडीखालचा पिझो पिकअप (कंप टिपून त्याची वीज करणारी पट्टी) थेट मिक्सरच्या लाइनमध्ये खुपसतात. पिझोला निदान १ मेगाओम रोधाचा इनपुट लागतो, लाइनचा असतो १० किलोओमच्या आसपास. खर्ज सगळा उडतो, राहतो पत्रा. मधे डीआय बॉक्स (पिकअप आणि मिक्सरचा मेळ घालणारी डबी) लावला असता तर हा धागाच निघाला नसता.

खासबाग कट्टा:
१९१५ साली कोल्हापुरात पॅलेस थिएटर उघडलं, आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. तेव्हा कुठला डीआय बॉक्स होता?

रस्सावाटी:
तेव्हा ढोलकीशेजारी गिटार ठेवून बघायची होती. पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू आली नसती. काय बी बोलायचं!

तार सैल:
पिकअप राहू दे बाजूला. तुणतुणं का उतरलं ते कुणी सांगितलंच नाही. मुळात उतरलं नव्हतं, चढलं होतं. तार खालच्या कातड्यात अडकवलेली असते. पावसाळ्यात कातडं ओल धरतं, सैल पडतं. ग्रीनरूममध्ये तशाच अवस्थेत सूर लावला, वर स्टेजवर लाइटखाली दहा मिनिटांत कातडं सुकून ताणलं, सूर वर. त्याच लाइटनं गिटारच्या स्टीलच्या तारा तापून लांबतात, त्यांचा सूर खाली. एक वर पळतंय, एक खाली. दोघांचे कान शाबूत होते, म्हणून तर दोन गाण्यांच्या मधे खुंटी पिळत बसले होते.

खासबाग कट्टा:
म्हणजे पंचवीस वर्षं वाजवून हे ठाऊक नाही? मग माझं म्हणणं खरंच की!

काळी दोन:
तुझं म्हणणं "थकले" असं होतं, "लाइट तापले" असं नव्हतं.

तार सैल:
भांडा निवांत. उपाय असाय: वाद्यं अर्धा तास आधी स्टेजवर, लाइट चालू ठेवून, सूर त्यानंतरच लावायचा. आणि पट्टी उतरवली तर तुणतुण्याची तार बदलायला हवी. नुसती खुंटी सैल केली की तार लोंबते, टणत्कार जातो. त्याच ताणावर दोन पट्ट्या खाली जायचं तर तार साधारण १२ टक्के जाड लागते. ०.३० मिमी असेल तर ०.३४ ची. गिटारच्या तेरा नंबरची पहिली तार ०.३३ येते, चालून जाते. ढोलकी मात्र उतरवू नये, काळी दोनची वेगळीच घ्यावी, जरा रुंद तोंडाची.

रस्सावाटी:
गिटारचंही सांगून टाका. जुलैत लाकूड फुगतं, पोट वर येतं, तारा बोर्डापासनं उचलतात. मग घोडी घासून घेतात शहाणे. मार्चमध्ये लाकूड बसलं की प्रत्येक फ्रेटवर किणकिण. गिटारच्या पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या, घोडीला हात लावायचा नाही.

खासबाग कट्टा:
बरं, तुणतुण्याचं मागं घेतो. लाइटवाल्याला पाडा हवं तर. पण खालचा आवाज बुडाला, त्यावर अजून एकानं उत्तर दिलेलं नाही.

काळी दोन:
अंतऱ्यात दोघांनी जागा बदलायच्या. मूळ चाल खालच्यानं घ्यायची, दुसऱ्यानं त्याच्या वर गंधाराच्या अंतरानं हलकं गायचं. चढ्या आवाजात नाही. चालेल?

खासबाग कट्टा:
ऐकल्यावर सांगतो. ढोलकी नवीन आणली तरच येणार.