श्योग्रेन आणि हिरडीलगतची कीड

प्रश्न: श्योग्रेनमध्ये (शरीराची प्रतिकारशक्तीच लाळग्रंथींवर हल्ला करते आणि तोंड कोरडं पडतं, तो आजार) दोन वेळा ब्रश करूनही हिरडीलगत कीड का लागते? कोरड पडल्यावर लिंबाची गोळी चघळली तर चालेल का?

उत्तर: गोळी आधी बंद करा! लाळ कमी असली की आम्ल धुतलं जात नाही. इनॅमल (दाताचं वरचं कठीण आवरण) साधारण ५.५ पीएचखाली विरघळतं (पीएच जितका कमी, तितकं आम्ल तीव्र), उघडं पडलेलं मूळ त्याआधीच, सौम्य आम्लातही. झायलिटॉलचं (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) च्युइंगम चालेल.

उत्तर: डेंटिस्टच्या चिठ्ठीने ५००० पीपीएम (दहा लाखांत ५००० भाग) फ्लोराइडची पेस्ट घ्या. रात्री दोन मिनिटं घासून नुसतं थुंका, चूळ भरू नका. बहुतेकांचं इथेच चुकतं.

उत्तर: मुळावरच्या फिलिंगसाठी ग्लास आयोनोमर या साहित्याबद्दल विचारा, त्यातून फ्लोराइड झिरपतं. मात्र त्यावर आम्लयुक्त फ्लोराइड जेल नको, पृष्ठभाग खरबरीत होतो. न्यूट्रल (आम्ल नसलेलं) सोडियम फ्लोराइड मागा.