कोठार कुणाच्या अंगणात? (रविवारी ग्रुपवर झालेली चर्चा)

ए-६०३: सकाळी ‘शेती ही माणसाची सर्वांत मोठी चूक’ हा फॉरवर्ड आला, तो बऱ्याच जणांनी वाचला असेल. शिकारी माणूस धडधाकट आणि मोकळा होता, शेतकरी झाला आणि वाकला, आजारी पडला, दुसऱ्याचा चाकर झाला, आणि मग परत फिरता आलं नाही, असं त्यात आहे. आमच्या घरात चार पिढ्यांची शेती. मला हे पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. बी-३०१ ताई, तुम्ही पुरातत्त्व शिकलात ना?

बी-३०१: हो दादा. पण सगळं खोडून काढता येणार नाही, कारण हाडं त्या मेसेजच्या बाजूने बोलतात. सीरियात युफ्रेटिसच्या काठी अबू हुरेरा नावाची जागा होती. १९७२-७३ मध्ये घाईघाईने खणली, कारण धरणाचं पाणी येणार होतं. आज ती पाण्याखाली आहे. तिथली माणसं आधी हरणं मारून आणि रानातलं धान्य गोळा करून जगत होती, नंतर तिथेच पेरायला लागली. सांगाड्यांत, विशेषतः बायकांच्या, पायाचे अंगठे, गुडघे आणि कंबर झिजलेली सापडली. रोज तासन्‌तास गुडघ्यावर बसून दगडावर धान्य रगडल्याची ती खूण. गोल फिरणारं जातं यायला अजून काही हजार वर्षं होती. म्हणजे ‘शेती आली’ हे वाक्य लिहिताना त्या अंगठ्यांची आठवण ठेवायलाच हवी.

सी-४०४ मावशी: अगं बाई. आणि दात?

बी-३०१: दातही, मावशी. पिष्टमय खाणं वाढलं की कीड वाढते. बोलन खिंडीपाशी मेहरगढला, आजच्या बलुचिस्तानात, इ.स.पू. ७००० च्या आसपास जव पेरणारं गाव उभं राहिलं. तिथे माणूस जिवंत असतानाच गारगोटीच्या टोकाने भोक पाडलेल्या दाढा मिळाल्या आहेत.

ए-६०३: एवढा त्रास होता तर सोडून का नाही दिली?

बी-३०१: कारण कुणी एका दिवशी ठरवून सुरू केली नव्हती. रानगव्हाची ओंबी पिकली की दाणे आपोआप झडतात, तसे झडले नाहीत तर झाडाचा वंश पुढे जात नाही. माणूस मात्र कापून घरी आणतो ते न झडलेलेच दाणे, आणि पुढच्या साली तेच पेरतो. असं होत होत न झडणारं वाण शेतभर व्हायला एक-दोन पिढ्या नाही, हजारो वर्षं लागली. दरम्यान गावात राहणाऱ्या बायकांची मुलं पेज-लापशीवर लवकर अंगावरून सुटायला लागली, दोन बाळंतपणांतलं अंतर कमी झालं. लोकसंख्या वाढली की परतीची वाट बंद होत जाते, कारण तेवढ्याच रानावर एवढी तोंडं जगत नाहीत.

सोसायटी ऑफिस: कृपया नोंद घ्यावी, आज दुपारी २ ते ५ बी विंगची वरची टाकी धुतली जाईल.

बी-३०१: पण मेसेज जिथे थांबतो तिथून पुढेच खरा प्रश्न आहे, असं मला वाटतं. हरणाचं मांस चार दिवसांत खाऊन संपवावं लागतं. धान्य वर्षभर टिकतं, मोजता येतं, वाटता येतं, आणि अडवूनही ठेवता येतं. इराकमध्ये उरुक या प्राचीन शहरात इ.स.पू. ३३०० च्या सुमाराच्या ज्या मातीच्या पाट्या मिळाल्या, त्यांतल्या बहुतेकींवर काव्य नाही, देवाची स्तुतीही नाही. किती जव आला, किती बिअर दिली, किती मेंढ्या, असला हिशेब आहे. लिहिणं जन्माला आलं ते कोठारातल्या नोंदींसाठी. त्यामुळे मी शेतीला चूक म्हणत नाही. कोठार कुणाच्या ताब्यात होतं, ते विचारते.

सी-५०२ काका: ते कुणाच्या तरी ताब्यात असणारच ना. पाट काढायचा, बांध घालायचा, तर सांगणारा एक माणूस लागतोच.

बी-३०१: काका, तुमच्या बाजूचा सर्वांत चांगला पुरावा आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. इनामगाव, शिरूर तालुका.

डी-१०२: घोडनदीवरचं? माझं आजोळ तिकडे. आता सगळा ऊस आहे.

बी-३०१: तेच! पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे १९८३ पर्यंत तिथे उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर हे त्यातले मोठे पुरातत्त्वज्ञ. इ.स.पू. १६०० ते ७०० असं साधारण नऊशे वर्षं ते गाव नांदलं. जव हे मुख्य पीक, शिवाय गहू, मसूर, वाटाणा, हुलगा, वाल. नदीचं पुराचं पाणी वळवायला पाट आणि त्याला बांध. वस्तीच्या मध्यावर पाच खोल्यांचं घर, आणि त्याला लागून धान्याचं कोठार. कारागिरांची घरं गावाच्या पश्चिम कडेला.

त्या मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक पुरुष पुरलेला मिळाला. गावातल्या इतर मोठ्या माणसांना आडवं, डोकं उत्तरेला करून पुरत आणि पावलं घोट्यापासून तोडत. ह्याची पावलं शाबूत! गावात बहुतेक दफनं लहान मुलांची आहेत, दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवलेली, घराच्या जमिनीखालीच. ते वाचताना प्रत्येक वेळी मला थांबावं लागतं.

सी-४०४ मावशी: मुलं घरातच ठेवायची. आई होती ना ती.

सी-५०२ काका: म्हणजे माझंच म्हणणं खरं. पाणी, कोठार आणि मुखिया एकत्रच येतात.

बी-३०१: इनामगावात आले. सगळीकडे नाही. तुर्कस्तानात कोन्याच्या मैदानात चातालह्युक नावाची जुनी वस्ती आहे. इ.स.पू. ७००० च्या पुढे हजार वर्षं तिथे काही हजार माणसं राहिली. घराला घर इतकं चिकटलेलं की रस्तेच नव्हते, शिडीने छपरातून आत उतरायचं. गहू होता, मेंढ्या होत्या. पण राजवाडा सापडला नाही, सामाईक कोठारही नाही. प्रत्येक घरात आपापल्या मातीच्या कणग्या. घरं थोडी लहान-मोठी आहेत, पण एक घर सगळ्यांवर बसलेलं दिसत नाही. इतके लोक, इतकी शेती, तरी मुखियाशिवाय चाललं. म्हणून ‘असणारच’ हा शब्द मला मान्य नाही, काका.

सी-५०२ काका: विचार करायला लावलंत. पण ते टिकलं कुठे?

बी-३०१: हजार वर्षं टिकलं, काका. ह्याला न टिकणं म्हणायचं का?

डी-१०२: ताई, इनामगावचं पुढे काय झालं? नऊशे वर्षांनी गेले कुठे सगळे?

बी-३०१: इ.स.पू. १००० नंतर उतरती कळा लागली. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेती आटली, गाईगुरं कमी झाली, शेळ्यामेंढ्या आणि शिकार वाढली. ढवळीकर सरांनी याचं कारण कोरडं पडत गेलेलं हवामान असं मांडलं. नंतरच्या अभ्यासकांनी त्यावर वाद घातला, नुसत्या दुष्काळावर सगळं ढकलता येत नाही असं म्हटलं. इ.स.पू. ७०० च्या सुमारास गाव रिकामं झालं.

आणि मघाशी मावशींनी दातांचं विचारलं ना? इनामगावच्या सांगाड्यांचे दात तपासले, तर ह्या पडत्या काळात कीड आधीपेक्षा कमी आहे. धान्य कमी, रानातलं खाणं जास्त. पोटाला मात्र नक्कीच जास्त ओढ बसली असणार.

ए-६०३: म्हणजे तो मेसेज म्हणतो की शेतीतून परत फिरता येत नाही, तेही पूर्ण खरं नाही.

बी-३०१: नाही. मीही मघाशी वाट बंद होते म्हटलं, ते गर्दीच्या भूभागाला लागू. दख्खनसारख्या बेभरवशाच्या पावसाच्या मुलखात माणसं शेतीकडून मेंढपाळीकडे आणि पुन्हा शेतीकडे ये-जा करत राहिली. ज्यांनी हुलगा पेरला त्यांच्याच नातवंडांनी मेंढरं हाकली असतील, आणि त्यात त्यांना कुणी मागे गेलं असं वाटलंही नसेल.

डी-१०२: मोठ्या मामांना फोन लावतो. पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीची, माती म्हणून ते टेकाड नेहमी दाखवायचे, खापरं तर आम्ही लहानपणी खिशात भरून आणायचो.

बी-३०१: ह्यापुढे खापरं तिथेच राहू दे, दादा. कुठल्या थरात होती ते कळलं तरच ती काही सांगतात. डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयाला फोन करून वेळ विचारते. कोण कोण येणार ते इथेच लिहा.

सी-५०२ काका: मी.

सी-४०४ मावशी: मी आणि नात.

ए-६०३: आम्ही चौघं.