जुन्या फोर-बाय-फोरचे टायर, रिमा आणि लिफ्ट (गाडी उंच करणं) : तुमचे अनुभव सांगा

माझी मारुती जिप्सी २००३ सालची, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनच्या) इंजिनाची. चार वर्षांपूर्वी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने तिला ३१ इंची टायर आणि लांब शॅकल (कमान-पाटे चासीला जोडणाऱ्या झुलत्या पट्ट्या) लावलेले होते. गाडी इतकी देखणी दिसत होती की मी खाली वाकून पाहिलंच नाही. पहिल्याच महिन्यात वरंधा घाट उतरताना गाडी सरळ चालेना. वळणावर फिरवलेलं स्टेअरिंग आपोआप मधे परत येत नव्हतं, हाताने ओढून आणावं लागत होतं. बायको शेजारी होती. घाट संपेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

नंतर कारण कळलं. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं. ते लांब केलं की गाडीचं नाक वर जातं, पण हाउसिंग (दोन चाकांमधला अॅक्सलचा आडवा सांगाडा) पुढे कलंडतं आणि कॅस्टर, म्हणजे स्टेअरिंग आपोआप मधे आणणारा तिरका कोन, कमी होतो. सायकल हात सोडून चालवताना ज्या कोनाची मदत होते, तसाच हा कोन. आणि एवढं करून मिळतं काय? शॅकल दोन इंच लांब केलं तर गाडी उचलली जाते एकच इंच.

मी मूळ मापाचे शॅकल आणि टायर परत बसवले, बुश (सांध्यांतले रबर) नवे घातले, गाडी सरळ धावू लागली. आता टायर बदलायची वेळ आलीय. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले तर २३१४, म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. खाचा भरपूर शिल्लक आहेत, पण रबर दगडासारखं झालंय.

म्हणून हा धागा. गाडी कोणती, जमीन कोणती, माप कोणतं घातलंत आणि त्यानंतर काय मोडलं, हे मोकळेपणाने लिहा. मोडलेलं जास्त लिहा, त्याचाच उपयोग होतो.

महिंद्रा एमएम ५४०, रत्नागिरी

धागा चांगला काढलात. माझी गाडी १९९१ ची. बागेत जायला सहा-सोळाचे (सहा इंच रुंद, सोळा इंची रिमचे) अरुंद टायर, ट्रॅक्टरसारख्या आडव्या दातांचे. आमच्याकडे चिखल वरवरचा, खाली जांभा. अरुंद टायर चिखल कापून खालच्या दगडाला जाऊन टेकतो आणि तिथे पकड घेतो. पुतण्याने हौसेने रुंद टायर घातले होते, ते चिखलावर तरंगत बाजूला घसरायचे. शिवाय जांभ्याच्या धारेने एकाची कड फाटली. कडेला ठिगळ लावून भरवसा ठेवता येत नाही, टायर टाकूनच द्यावा लागला.

पण एक गोष्ट कळकळीने सांगतो. हे दाताचे टायर ओल्या डांबरावर फार धोक्याचे. आंबा घाटात पहिल्या पावसात ब्रेक लावला तर गाडी थांबण्याऐवजी सरकत गेली. समोर एसटी होती. देवाची कृपा, कठड्याच्या बाजूला जागा होती. तेव्हापासून कोल्हापूरला जायचं तर दुसरी गाडी काढतो.

आणि ट्यूबचे टायर असतील तर हवा फार कमी करून चालवू नका. रिममध्ये टायर फिरतो, त्याबरोबर ट्यूब ओढली जाते आणि वॉल्व्ह मुळापासून तुटतो.

जुनी महिंद्रा थार सीआरडीई, यवतमाळ

काका, तुमचा जांभा आणि आमची काळी माती यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमच्याकडे खाली कठीण काही लागतच नाही. जुलैत शेतरस्त्यावर ऑल-टेरेन (सगळ्या रस्त्यांसाठीच्या) टायरच्या खाचा दहा पावलांत भरतात, मग टायर गुळगुळीत गोळा होतो आणि चारही चाकं जागच्या जागी फिरतात. मी दोन पावसाळे ट्रॅक्टरने ओढून घेतलं. मग मड-टेरेन (खास चिखलाचे) घेतले. त्यांच्या दातांत अंतर जास्त, चाक थोडं जोरात फिरवलं की माती उडून जाते. रस्त्यावर आवाज येतो, डिझेल जास्त लागतं, हे कबूल. पण बियाणं वेळेवर शेतात पोचतं.

चूक झाली ती उंचीत. मूळ माप २३५/७० आर १६ (रुंदी मिलिमीटरमध्ये, कडेची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचात). मी २४५/७५ घातले आणि पूर्ण वळवल्यावर घासू नयेत म्हणून पुढचे टॉर्शन बार (पिळाने स्प्रिंगचं काम करणारे दांडे) पिळून गाडी वर घेतली. फुकटात होतं, फक्त पाना लागतो. पण त्याने स्प्रिंग कडक होत नाही आणि लांबही होत नाही, चाक खाली जायची जागा मात्र संपते. एका बाजूचं चाक खड्ड्यावर लटकतं आणि नांगरटीत गाडी आपटत जाते. वर्षाच्या आत पुढच्या शाफ्टचे रबरी बूट फाटले, कारण शाफ्ट सतत तिरक्या कोनात फिरत होता. आत चिखल गेला, दोन्ही बाजूंचे जॉइंट बदलावे लागले. आता बार मूळ जागी आहेत. टायर थोडे घासतात तिथे प्लास्टिक कापून घेतलं.

पाट्यांचं काम करणारा, कोल्हापूर

वडिलांपासून कमान-पाट्यांचा धंदा आहे. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, दोन इंच लिफ्ट करा. मी आधी जमिनीपासून चासीपर्यंत चारही बाजू मोजतो. वीस वर्षांची गाडी बहुतेक वेळा मुळातच खाली बसलेली असते, ड्रायव्हरची बाजू जास्त. पाटे खोलून तपासले, तुटकी पानं बदलली, बुश आणि शॅकलच्या पिना नव्या घातल्या की गाडी आपोआप वर येते. पुष्कळांना तेवढंच हवं असतं, फक्त त्यांना ते माहीत नसतं.

जुनीच पानं ठोकून कमान वाढवून देतात, ती थोड्याच दिवसांत परत बसते. नवं पान वाढवलं तर गाडी वर राहते पण कडक होते, आणि जुने शॉकअप त्या उंचीला पुरत नाहीत. ते ताणून तुटतात. लिफ्ट केली तर शॉकअप लांब हवेत, ब्रेकचे रबरी पाइपही लांब हवेत. पाइप ताणला जातो का हे चाक पूर्ण लटकवून बघायचं, गाडी जमिनीवर उभी असताना कळत नाही.

जिप्सी, पुणे

मी उलट बाजूचा माणूस आहे. माझ्या गाडीला पाटे हाउसिंगच्या वर घेतलेत, साधारण पाच इंच उचल मिळाली. स्पर्धेसाठीच बांधली आहे, ट्रेलरवर नेतो आणि आणतो. दगडावरून जाताना पाट्याच्या खालची पट्टी आणि यू-बोल्ट आता अडकत नाहीत, चाकं अफाट लवतात. मला पश्चात्ताप नाही.

मात्र हे एक काम नाही, कामांची रांग आहे. हाउसिंगवर पाट्याच्या बैठका वेल्ड करताना कोन एक-दोन अंश चुकला की प्रोपेलर शाफ्टचा (गिअरकडून चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, मरतो. स्टेअरिंगचा दांडा तिरका होतो, मग चाक खड्ड्यात गेलं की गाडी स्वतःहून वळते. तो दांडाही वर घ्यावा लागतो. लो-रेशोत (कमी वेग, जास्त ताकदीच्या गिअरमध्ये) जोर दिला की हाउसिंग पिळतं आणि पाटे एस आकाराचे होतात, त्यासाठी वेगळा आडदांडा बसवला. सहा महिने गाडी उभी होती.

आणि एक : लिफ्टने डिफ (हाउसिंगच्या मधला गिअरचा गोळा) जमिनीपासून उचलला जात नाही. तो चाकांच्या मधोमध लटकतो, त्यामुळे त्याला फक्त मोठा टायर उचलतो. जिप्सीचा २०५/७० आर १५ सुमारे ६६८ मिलिमीटर उंच, २३५/७५ सुमारे ७३४. फरकाच्या निम्मा, म्हणजे ३३ मिलिमीटर, डिफखाली मिळतो. लिफ्ट ही फक्त त्या टायरला जागा करून देण्यासाठी.

रोजच्या गाडीला हे करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं.

लँड क्रूझर ८० सिरीज, मस्कत

मूळचा सांगलीचा, इथे अठरा वर्षं. गाडी १९९६ ची, कॉइल स्प्रिंगची, पुढेही अखंड अॅक्सल. दोन इंची स्प्रिंग घातल्यावर मलाही धागाकर्त्यासारखाच अनुभव आला, गाडी हमरस्त्यावर भटकायची. इथल्या मेकॅनिकने पुढच्या आर्मचे कॅस्टर सुधारणारे बुश घातले आणि ती शांत झाली. लिफ्टच्या किमतीत ते बुश आधीच धरा.

वाळूत दातांचा टायर चाक खाली खणत नेतो. तिथे लागतो तो लांब ठसा, आणि तो हवा कमी केल्याने मिळतो. रस्त्यावर हवा ३५ पीएसआय ठेवतो, वाळूत १५ ते १८. मोठे टायर घेण्याआधी चांगला काँप्रेसर घ्या, म्हणजे परत निघताना वाळूच्या काठावरच हवा भरता येते. कमी हवेच्या टायरने हमरस्त्यावर वेग घेतला की कडा तापून फुटतात. माझ्या मित्राचा एक टायर असाच गेला, मागे मुलं बसली होती.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. पुण्याच्या दादांचं ३३ मिलिमीटरचं गणित वाचून मी रात्री रिमवरचा शिक्का बघून आलो. माझी रिम साडेपाच इंची, आणि २३५/७५ ला किमान सहा इंची लागते. रिमा बदलल्या तर ऑफसेट (रिमची आत-बाहेरची बैठक) बदलणार, चाकं बाहेर येणार, बेअरिंगवर भार वाढणार. स्पेसर (चाक बाहेर ढकलणारी चकती) तर नकोच. २१५/७५ आर १५ मात्र याच रिमवर नीट बसतो, साधारण ७०४ मिलिमीटर. डिफखाली १८ मिलिमीटर मिळतील, आणि स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६३ च्या आसपास असेल. पाचवा गिअर चढावर थोडा जड जाईल, चालेल. आरसीतल्या मापाचं काय ते आरटीओत विचारूनच पैसे देणार.

कोल्हापूरचे दादा, तुमचं वाचून चारही बाजू मोजल्या. ड्रायव्हरची बाजू २२ मिलिमीटर खाली आहे. पाटे घेऊन येऊ का गाडीच घेऊन येऊ?

पाट्यांचं काम करणारा, कोल्हापूर

गाडीच आणा. आणि टाकी अर्धी भरून आणा, रिकाम्या गाडीचं माप खोटं येतं. पाटे बसवल्यावर पाचशे किलोमीटरनी यू-बोल्ट परत आवळायला यावं लागेल, तेवढी सवड ठेवा.