प्रतिसाद: स्काउटची फी वाढवण्याऐवजी

स्काउट पथकाचा खर्च भागत नाही तर मुलांची फी वाढवा, असं इथे एकांनी सुचवलंय. ते पटलं नाही. पालकांना खरा चटका बसतो गणवेशाचा. शर्ट, पँट, स्कार्फ, टोपी, बेल्ट... त्यात पोरांची पँट वर्षभरात आखूड! परळच्या आमच्या पथकाने यावर एक ट्रंक ठेवलीय. जुना गणवेश धुऊन, इस्त्री करून आत टाकायचा, मापाचा उचलायचा. कोणी काय नेलं याची नोंद नाही, त्यामुळे कुणाला ओशाळं वाटत नाही.

शिबिराच्या खर्चाला ‘खरी कमाई’, म्हणजे स्काउटांनी छोटी-मोठी कामं करून पैसे मिळवायचे, ती आहेच. फक्त ती मुलांनी करावी हो! भेळेच्या स्टॉलवर कांदा चिरतात आया, आणि गल्ल्यावर चिरंजीव. त्यापेक्षा सोसायटीतल्या सायकली पुसून द्या, रद्दी गोळा करा. भांडवल शून्य. ७ नोव्हेंबरच्या स्काउट-गाइड ध्वजदिनाचे स्टिकरही पोरांनीच दारोदार विकावेत, बाबांनी ऑफिसात नव्हे.